ओव्हरऑइल

आमच्या घरात करडईचं तेल कशालाही चालायचं. भाजीला, डोक्याला, दुखऱ्या गुडघ्याला, देवापुढच्या दिव्याला, दाराच्या कुरकुरणाऱ्या बिजागरीला आणि हळद कालवून मेंढीच्या फाटलेल्या खुराला. कडेगावच्या घाण्यावरून तात्या ते बुधलीतून आणायचे. बुधली घरात आली की त्या दिवशी आई तव्यावरून उतरलेल्या बाजरीच्या भाकरीवर लसणाची चटणी ठेवायची, बोटानं तिच्यात खळगा करायची आणि त्यात ताजं तेल ओतायची. आजही सांगलीतल्या माझ्या फ्लॅटमध्ये मी महिन्यातून एकदा हाच बेत करते. सून म्हणते, कोलेस्टेरॉल. मी म्हणते, असू दे, त्यालाही भूक लागत असेल. तर या तेलाची आणि माझ्या सायकलीच्या मागच्या चाकाची एकदा भानगड झाली होती, ती सांगायची आहे. पुढे आयुष्यात माझे दोन-तीन सत्कार झाले, शाली मिळाल्या, नारळ मिळाले. पण खरं जिंकल्यासारखं मला एकदाच वाटलं, आणि तेव्हा माझे दोन्ही हात कोपरापर्यंत काळे होते.

आम्ही धनगर. शहरातली माणसं वाडा म्हटलं की दिंडीदरवाजा आणि चौक डोळ्यांपुढे आणतात. आमच्यात वाडा म्हणजे चालतं बिऱ्हाड: मेंढरं, घोडी, कुत्री, घोडीवर लादलेली भांडी, भांड्यांवर बांधलेल्या कोंबड्या आणि मागून चालणाऱ्या बायका. दिवाळीच्या तोंडावर आमच्याकडचं रान वाळायला लागलं की वाडा पश्चिमेला उंब्रजच्या बाजूला हलायचा, तो आखाडातच परत यायचा. तिकडचे बागायतदार खतासाठी आपल्या रानात मेंढरं बसवून घ्यायचे आणि त्याबद्दल धान्य द्यायचे. आई आणि आबा, म्हणजे माझे वडील, वाड्याबरोबर असायचे. वस्तीवर मागे राहायचे ते तात्या, आबांचे थोरले भाऊ. माझी चुलती माझ्या जन्माआधीच गेलेली आणि तात्यांना मूलबाळ नव्हतं. मला शाळेसाठी मागे ठेवलं तेव्हापासून आठ महिने त्या घरात आम्ही दोघंच असायचो. मी हुलग्याचं माडगं रटरटत ठेवून पुस्तक उघडायची, आणि तात्या समोर बसून चातीवर लोकर कातायचे. चातीची ती गिरगिर, माडग्याचा बुडबुडा आणि बाहेर माणसासारखी खोकणारी एक म्हातारी मेंढी, एवढाच काय तो आवाज. दिवसाकाठी आमचं दहा वाक्यांपेक्षा जास्त बोलणं होत नसे, आणि त्यातली सहा बैलांशी असत.

सातवीपर्यंतची शाळा वस्तीजवळ होती. आठवीपासून कडेगाव, तीन कोस. आता ही चुलीपुढे बसणार असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. त्या वर्षी आबा उंब्रजहून परतले ते घोडीच्या पाठीवर एक जुनी सायकल आडवी बांधून. एका बागायतदाराच्या रानात वीस रात्री मेंढरं बसवली होती, त्याचं धान्य न घेता त्यांनी ही सायकल मागून घेतली होती. तात्यांनी सायकलीकडे बघितलं, मग कणगीकडे बघितलं आणि म्हणाले, "वीस राती मेंढरं बसावली आन घरला लोखांड आणलंस व्हय रं? आता काय लोखांड भरडून खायाचं?" आबा जन्मात कधी थोरल्या भावापुढे बोलले नाहीत. त्याही दिवशी ते नुसते हसले, आणि त्या हसण्यावर माझी शाळा सुरू झाली. पण तात्यांनी एक अट घातली, आणि ती वस्तीवरच्या सगळ्यांदेखत घातली. "सायकल चालंल तवर साळा. सायकल बसली की पोरगी बी बसली. मग तिनं वाड्याबरं जायाचं." तात्यांचा शब्द म्हणजे शब्द. वस्तीवर बाकी कशाची टंचाई नसली तरी शब्द फिरवणाऱ्या माणसांची होती. मी पुरुषी सायकलीच्या नळीखालून पाय घालून तिरकी पायडल मारत शिकले, पंधरा दिवसांत दोन्ही गुडघे सोलून घेतले आणि शाळेला जाऊ लागले.

सायकल जुनी असल्यामुळे कडेगावच्या स्टँडजवळच्या बाबूमिस्त्रीकडे माझं येणंजाणं फार. पंक्चर निघेपर्यंत उभं राहायचं, आणि उभं राहिलं की बघायचं. इतर मुली बांगड्यांच्या दुकानापुढे रमायच्या, मी मिस्त्रीच्या हातांपुढे. त्यातही त्यानं एखाद्या चाकाचा हब, म्हणजे मधला तुंबा, उघडायला घेतला की माझी शाळेची पहिली घंटा चुकायची. बाहेरून नुसती एक नळी दिसते. पण आतून एक्सल जातो, त्याच्या दोन्ही बाजूंना आट्यांवर फिरणारे कोन असतात, आणि कोन व वाटीच्या मधोमध पोलादी छर्रे गोल बसलेले. सगळं चाक, त्यावरचं माणूस, माणसाचं दप्तर, ते एवढेसे छर्रे तोलून धरतात! मला हे तेव्हा इतकं नवलाचं वाटायचं, आणि खरं सांगायचं तर अजून वाटतं. मिस्त्री बोलत बोलत काम करी. "एका बाजूला नऊ छर्रे, ध्यानात ठिव. एक कमी चालंल, एक जास्त न्हाई चालनार. त्यास्नी बी हलाय जागा लागती." मी ध्यानात ठेवत होते. कशासाठी, ते मला ठाऊक नव्हतं.

दहावीच्या वर्षी आखाडात बैलांचा बेंदूर झाल्यावर मिस्त्रीनं बाजारात तात्यांना गाठलं आणि सांगितलं, "तात्या, पोरीच्या सायकलीचं मागचं चाक वाजाय लागलंय. एकदा ओव्हरऑइल कराय पायजे." तात्या म्हणाले, "करतो की." हा शब्द नीट ऐकून ठेवा. मूळ इंग्रजी शब्द वेगळा आहे, ओव्हरहॉल, म्हणजे यंत्र पूर्ण उघडून, साफ करून परत बसवण्याचा. पण आमच्या सगळ्या मुलखात सायकलवाले 'ओव्हरऑइल'च म्हणतात, काहींनी तर पाटीवर तसं रंगवून घेतलंय. मी पुढे आयटीआयमध्ये शिकवायला लागले तेव्हा फळ्यावर बरोबर शब्द लिहायची आणि तोंडानं ओव्हरऑइलच म्हणायची. तर तात्यांनी "करतो" म्हटलं आणि खरोखरच दोन-चार दिवसांत चाकाचा आवाज बंद झाला. मला वाटलं, मी शाळेत असताना मिस्त्रीकडून करून घेतलं असेल. पावसाळाभर सायकल गपगुमान चालली. पुढे ऊन तापलं तसं चाक जड व्हायला लागलं. आधी वाटलं मीच दमते. मग उतारावर पायडल थांबवलं तरी सायकल बैलासारखी अडायला लागली.

सहामाही परीक्षेच्या आधीच्या शनिवारी, शाळेतून परत येताना, निम्म्या वाटेत ती थांबली ती थांबलीच. ढकलली तरी मागचं चाक फिरेना. कॅरियर धरून मागचा भाग उचलला आणि दीड कोस पुढच्या चाकावर चालवत आणली. मिस्त्रीकडे परत जाण्यात अर्थ नव्हता. सकाळीच त्याच्या दुकानाला कुलूप बघितलं होतं, आणि तो लेकीकडे कोयनानगरला गेलाय, सोमवारी उगवेल, असं शेजारच्या चहावाल्यानं सांगितलं होतं. तात्या दारात चाती फिरवत बसले होते. त्यांनी वर बघितलं.

"बसली?"

"बसली."

चाती थांबली. आई आत भांडी बांधत होती, कारण मंगळवारी वाडा हलणार होता. आबा चार दिवस आधीच रानं ठरवायला उंब्रजला गेले होते. म्हणजे माझ्या बाजूनं हसणारं एकमेव माणूस घरात नव्हतं. तात्या म्हणाले, "मग ठरल्यापरमानं मंगळवारी आईबरं निघ."

"तात्या, आवं, सोमवारी माजा पेपर हाय. चालत जाते की."

"सोमवारी जाशील, मंगळवारी जाशील. म्होरं? वरीसभर एकटी पोरगी माळानं चालत? न्हाई जमायचं."

"आन सोमवारी सकाळच्याला सायकल चालू करून दावली तर?"

तात्या हसले नाहीत, एवढं मी त्यांच्या नावावर जमा करते. ते म्हणाले, "तुला येतंय व्हय?"

मी म्हणाले, "व्हय." येत नव्हतं. नुसतं बघितलेलं होतं.

रविवारी उजाडताच शेजारच्या इंजनवाल्याकडून दोन पान्हे मागून आणले, अंगणात पोतं अंथरलं आणि सायकल उलटी करून चाक काढलं. इथवर सोपं. फ्रीव्हीलला, म्हणजे उजवीकडच्या साखळीच्या दातेरी चक्रीला, हात लावायचा नाही, डाव्या बाजूचा कोन सोडायचा आणि उजवीकडून एक्सल ओढून घ्यायचा, हे मिस्त्रीचं काम डोळ्यांपुढे लख्ख होतं. पण कोन हलेना. पान्हा फिरवला की अख्खा एक्सलच फिरे. मग उजवीकडचा नट दुसऱ्या पान्ह्यानं आवळून धरला, आईला चाकावर दोन्ही हातांनी रेलायला सांगितलं, तरी कोन जागचा हलला नाही. मिस्त्री अशा वेळी रॉकेल सोडायचा, म्हणून कंदिलातलं रॉकेल सोडलं आणि थांबले. काही नाही. परत सोडलं, परत थांबले. पान्हा निसटला आणि बोटांची सालटी गेली. ऊन डोक्यावर आलं. आईनं मला खायला दिलं तेव्हा घास माझ्या तोंडात तिनं स्वतः घातला, माझ्या हातांकडे बघून. सोळा वर्षांच्या मुलीला आई भरवते तेव्हा ती काय म्हणते आहे ते कळतं. मला ते नको होतं. मी उठले, पान्ह्यावर टाच ठेवली आणि सगळं अंग त्याच्यावर टाकलं. कर्र झालं आणि कोन अर्धा वेढा फिरला.

पुढचा अर्धा तास मी वेढा वेढा मोजत कोन काढला. तरी एक्सल निघेना. आटे बिघडू नयेत म्हणून टोकावर नट ठेवून लाकडी मोगरीनं ठोकायचं, हीही मिस्त्रीचीच युक्ती. चार ठोके, आणि एक्सल उजवीकडून बाहेर आला, त्याच्यामागोमाग तांबूस, चिवट तारा. मी हबमध्ये डोकावले. छर्रे चिक्कीतल्या शेंगदाण्यांसारखे एकमेकांना चिकटून बसले होते. मी असलं काही मिस्त्रीकडे कधी बघितलं नव्हतं. काळं ग्रीस बघितलं होतं, गंज बघितला होता; हे वेगळंच. रॉकेलनं ते नुसतं चकाकत होतं, सुटत नव्हतं. मी हताश होऊन बसले तेव्हा आई वाकली, त्यातलं थोडं नखावर घेतलं, वास घेतला आणि तिच्या भुवया वर गेल्या.

"आगं, ह्ये तर बुधलीचं किटन हाय."

तेलाची बुधली आत-बाहेर अशीच धरते. करडईचं तेल हवेवर वाळलं की चिकट होतं, आणि आणखी वाळलं की लाखेसारखं घट्ट. दर वर्षी वाडा हलायच्या आधी बुधली साफ करणं हे आईचंच काम. "त्याला राकेल कशाला पायजे? राख पायजे," म्हणाली, आणि माझ्याकडे न बघताच चुलीकडे गेली. पातेल्यात पाणी उकळलं, त्यात तीन ओंजळी चुलीतली राख टाकली, निवळू दिली, आणि ते बुळबुळीत, हात चरचरवणारं पाणी उकळतंच हबमध्ये ओतलं. मिस्त्रीची विद्या जिथे संपली तिथे माझ्या आईची सुरू झाली. तिसऱ्या वेळेला किटण चिंध्या होऊन बाहेर पडायला लागलं, आणि एकेक छर्रा पितळीत टण्‌कन वाजत पडला. तो आवाज मी कधी विसरणार नाही. सगळे अठरा निघाले, पैकी एक फुटून दोन झालेला. मी हसले. एक कमी चालतो, हे मला ठाऊक होतं.

दिवस कलता कलता तात्या रानातून आले आणि पितळीतले सतरा छर्रे बघून उंबऱ्याशी थांबले. इथे एक सांगायला हवं, की आई थोरल्या दिराशी थेट बोलत नसे. डोक्यावरचा पदर पुढे ओढायचा, तोंड चुलीकडे करायचं आणि जे काय बोलायचं ते माझ्या नावानं.

"तानू, तुज्या तात्यास्नी इचार, औंदा बुधली येवढी लवकर कशानं सरली?"

 तात्याही माझ्याकडेच बघून म्हणाले, "तानू, तुज्या आईला सांग, वापारलं आसंल."

"तानू, इचार, कुठं वापारलं?"

"तानू, सांग, सायकलीला."

"तानू, इचार, सायकल काय भाजी हाय, फोडनी द्याला?"

मी मध्ये बसलेली. मला कुणाला काहीच सांगावं लागत नव्हतं आणि काहीच विचारावं लागत नव्हतं. तात्या जोत्यावर बसले, चाकाच्या उघड्या तुंब्यात बोट घातलं, वास घेतला आणि त्यांचा चेहरा पडला.

"मिस्त्रीच म्हनला, ओव्हरऑइल करा. ऑइल म्हंजी त्याल. आन ओव्हर म्हंजी काय, ते मला कळत न्हाई व्हय? यष्टीचा कंडक्टर म्हनतो, गाडी ओव्हर झाली. म्हंजी भरून वर सांडाय लागली. म्हनून दर सोमवारी, तू भाकऱ्या करत असायचीस तवा, ह्या भोकातनं वर सांडस्तवर वतायचो. घाण्याचं चांगलं त्याल. येक सोमवार चुकावला न्हाई."

शनिवारपासून माझ्या पोटात राग होता. हे सगळं कुणामुळे झालं ते कळल्यावर तो बाहेर यायला हवा होता, आणि झालं उलटंच. एक सोमवार चुकवला नाही. ज्या माणसानं गावासमोर अट घातली, की सायकल बसली तर पोरगी बसली, तो माणूस दर आठवड्याला कुणाला न सांगता सायकल बसू नये म्हणून तेल घालत होता. तात्यांना माझी शाळा सुटायला नको होती! इतकी वर्षं एका घरात राहून मला हे कळलं नव्हतं. मला रडू आलं, आणि डोळे पुसायला गेले तर हाताचं सगळं काळं कीट तोंडाला फासलं गेलं. तात्या म्हणाले, "रडतीस कशाला? अट ती अट. सकाळी चाक फिराय पायजे." आणि उठून गेले. परत आले ते बैलगाडीखाली टांगलेला वंगणाचा नळा घेऊन. एरंडेलात खललेलं ते काळं वंगण त्यांनी माझ्यापुढे ठेवलं. "ह्ये कवा सुकत न्हाई. गाडीच्या आखाला मी जन्मात करडईचं त्याल घातलं न्हाई. त्या ओव्हरच्या नादात खुळा झालो."

वाट्यांत वंगण भरलं, त्यात फ्रीव्हीलच्या बाजूला नऊ आणि डावीकडे आठ छर्रे चिकटवले, एक्सल आत सरकवला, कोन चढवला. कोन जास्त आवळला तर चाक अडतं, कमी आवळला तर डुगडुगतं. त्या दोहोंच्या मधली जागा पान्ह्याला कळत नाही, बोटांना कळते. माझ्या बोटांना ती सातव्या की आठव्या खेपेला कळली. मी एक्सल उलट्या सायकलीत टेकवून चाक हलकेच फिरवलं. ते फिरलं, फिरलं, आवाज न करता फिरत राहिलं, मग मंद झालं, पुढेमागे झुललं, आणि हवा भरायच्या व्हॉल्व्हचं तोंड आपल्या वजनानं बरोबर खाली येऊन थांबलं. एवढ्याशा वजनालाही चाक मान देत होतं, म्हणजे कोन बरोबर बसला होता. मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, पण कुत्री भुंकायला लागली आणि आई पदर सावरायचा विसरून थेट तात्यांकडे बघून हसली. नातीच्या नव्या सायकलीचं बेअरिंग बंद डबीतलं आहे, ते उघडायची सोयच नाही. बिघडलं की फेकायचं. मला तिची थोडी कीव येते.

सोमवारी सकाळी तात्यांनी पटका बांधला आणि कॅरियरवर येऊन बसले. म्हणाले, "चल. कुठं थांबली तर तितनंच माघारी." तात्या काही हलके गृहस्थ नव्हते. पहिल्या चढाला माझ्या छातीचा भाता झाला, पण चाक कुरकुरलं नाही. वाटेतल्या वस्त्यांवरची माणसं बांधावर येऊन बघत राहिली, एवढा बाप्या मागे आणि पोरगी पुढे. एकानं हटकलं, "तात्या, कुनीकडं?" तात्यांनी नुसता हात वर केला, नवरदेव करतो तसा. चढ सरला आणि उतार लागला तेव्हा मी पायडल सोडून दिलं. सायकल सुसाट सुटली, तात्यांनी माझ्या दप्तराला मिठी मारली, आणि मी मोठ्यानं हसत होते. कडेगाव आलं.

स्टँडजवळ बाबूमिस्त्री नुकतंच दुकान उघडत होता. तात्या खाली उतरले आणि झालेली सगळी हकीकत, तेलासकट, त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगितली. मिस्त्री पोट धरून हसला. मग चाक उचलून फिरवलं, कान लावला, कडेला धरून हलवून बघितलं, आणि त्याचं हसू थांबलं.

"कोन कुनी बसावला?"

"आमच्या पोरीनं," तात्या म्हणाले.

"तात्या, खोटं न्हाई सांगत, ह्यो हात माज्या हाताच्या तोडीचा हाय. तुमी न्हाईतरी तिला वाड्याबरं धाडनार म्हनं. त्यापरीस माज्या दुकानात बसवा की. आजपास्नंच." मिस्त्री चेष्टेत बोलत होता, पण बोलता बोलता त्यानं सायकलीचं हँडल धरलं होतं.

मी तात्यांकडे बघितलं. सायकल चालली होती, अट पाळली गेली होती, पण माझ्या शाळेबद्दल बरं असं एक वाक्य त्या माणसाच्या तोंडून मी कधी ऐकलेलं नव्हतं. तात्यांनी पुढे होऊन मिस्त्रीचा हात हँडलवरून उचलला आणि बाजूला ठेवला.

"सरक मागं. तिचा पेपर हाय आज," ते म्हणाले. "आन उद्या बी हाय."

आणि परत जायला मला सायकल लागेल म्हणून तीन कोस चालत घरी गेले.